भागाबाईचा धसका

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या भागाबाईला प्रश्न विचारायची खोड होती. केळीचा घड उलटा का लटकतो, गुजरातणी उजव्या खांद्यावर पदर का घेतात, आगगाडी वळणावर कलंडत कशी नाही, काहीही. विचारणार, आणि उत्तर पटलं नाही तर दुसऱ्याला गाठणार. तिचा नवरा उखर्डू केळीच्या मळ्यात घड कापायला जायचा. दिवसभर राबून आलेल्या माणसाला ताटावर बसल्या बसल्या चार प्रश्न. तो म्हणायचा, "तू जन्मली तवा रडली नसशील. 'हे काय आहे' म्हणून सुईणीलेच विचारलं असशील."

सुईणपण भागाबाईला सासरहून आलेलं. सासू मालूबाई अख्ख्या लोधीपुऱ्याची सुईण. तिची स्वतःची आधीची दोन मुलं गेली, म्हणून तिसरं जन्मल्या जन्मल्या तिनं उकिरड्यावर लोळवून आणलं, यमानं त्याच्याकडे ढुंकूनही बघू नये म्हणून, आणि नाव ठेवलं उखर्डू. पोर जगलं. अशा बाईच्या शब्दाला कोण आडवं जाणार? भागा सून होऊन आली, सासूच्या मागं मागं हिंडली, आणि पाच वर्षांत तिच्या हाताला असं वळण बसलं की पोटावर नुसता तळवा ठेवून सांगायची, डोकं कुठं आणि पाय कुठं.

हे चव्वेचाळीस सालापर्यंतचं. त्या वैशाखात दोन गल्ल्या पलीकडच्या घरातली सून कोकिळा बाळंतपणात भागाबाईच्या हातावर गेली. बाळही गेलं. त्यानंतर भागाबाईचं काहीतरी बिनसलं. बोलावणं आलं की ती जायची, खोलीत बसायची, पोट चोळायची, धीर द्यायची. पण वेळ भरत आली की तिचे हात गार पडायचे, कानात घुंऽ व्हायचं, आणि "आलेच" म्हणून जी उठायची ती थेट आपल्या घरी. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा लोकांनी दुसरी सुईण बघितली. मग भागाबाईला बोलवायचे ते फक्त बाळाला तेल लावायला आणि न्हाऊ घालायला. धसका घेतला म्हणाले तिनं. उतारे झाले, लिंबू झाले, उखर्डूनं इच्छापूरहून देवीचा अंगारा आणून लावला. ती स्वतः इच्छापूरला गेली नाही. कोकिळेचं माहेर तिथलं.

आणि एवढ्या प्रश्नांची ही बाई, पण आपले हात गार का पडतात हे तिनं बारा वर्षांत कुणाला विचारलं नाही. कारण मालूबाईनं नेम घालून दिला होता: वाईट झालेलं बाळंतपण सुईणीनं तोंडातून काढायचं नाही. मागच्या दारानं निघायचं, नेसत्या लुगड्यानिशी तापीत बुडी मारायची, आणि जे झालं ते तिथंच पाण्यात सोडून यायचं. बोललं की ते एखाद्या पोटुशीच्या कानात शिरतं, आणि कानातून पोटात उतरतं. मालूबाई मेली, पण नेम जिवंत राहिला. भागाबाई उखर्डूजवळसुद्धा त्या दिवसाबद्दल चकार शब्द बोलली नव्हती.

छप्पन साली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अलका माहेरी आली. भागाबाईची ही एकुलती एक लेक, डोईफोडिया गावात दिलेली. झोक्यावरून उतरली आणि आईच्या कानाशी लागून म्हणाली, "आई, मले तिसरा महिना लागलाय. दिवाळीच्या अंगास मोकळी होईन. आमच्या गावच्या सुईणीले धड दिसत नाही. मी तुझ्याच हातानं होणार, सांगून ठेवते."

भागाबाई हसली, लेकीची अलाबला घेतली आणि चुलीपाशी गेली. चुलीपुढं बसूनही तिचे हात गार पडले होते. तिला स्वतःचाच राग आला. परक्या बायांना सोडून पळाली, तोंड लपवून जगली, ते सोडा. आता पोटच्या पोरीला खाटेवर टाकून पळणार का? दिवाळीला साडेपाच महिने होते.

नेमकं त्याच महिन्यात सरकारी दवाखान्यात गावातल्या सुईणींसाठी वर्ग निघाला. नखं कापायची, पातं उकळायचं, हात साबणानं धुवायचे, असलं शिकवायला शारदाबाई नावाची नागपूरची नर्स आली होती. बाकीच्या सुईणी नाक मुरडत गेल्या. भागाबाई आपणहून गेली, पहिल्या रांगेत बसली, आणि पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "नर्सबाई, पाणी उकळल्यावर त्यातला जंतू मरतो, तर त्याचं मढं पाण्यातच राहते ना?" शारदाबाईंना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, "राहतं. पण मेलेला कुणाला चावत नाही."

पंधराएक दिवसांनी वर्ग चालू असताना एक बाई कळा देत आली. शारदाबाईंनी सगळ्या सुईणींना आत घेतलं. भागाबाई आत गेली, आणि तासाभरात बाहेर. शारदाबाई मागून आल्या तर ही निंबाखाली बसलेली, दोन्ही हात बगलेत घालून. शारदाबाई शेजारी बसल्या. रागावल्या नाहीत.

"केव्हापासून होतं असं?"

"बारा वर्सं झाली."

शारदाबाई लढाईच्या दिवसांत आसामात फौजेच्या दवाखान्यात होत्या. त्यांनी तिथलं सांगितलं. धडधाकट शिपाई, अंगावर जखम नाही, पण ताट खाली पडल्याचा आवाज झाला की खाटेखाली शिरायचे. कुणाची वाचा गेलेली, कुणाचा हात लुळा. हाडामांसात खोट काहीच नाही.

"एवढ्या मिशा असून खाटेखाली?"

"मिशांचा आणि मनाचा काय संबंध, भागाबाई? मनाला इजा झाली होती. डॉक्टर त्यांना जवळ बसवून जे झालं ते सांगायला लावायचे. थोडं थोडं, क्रमानं. पुन्हा पुन्हा. मी बघितलंय, हात उचलले त्यांनी. सगळ्यांनी नाही, पण पुष्कळांनी." मग त्या म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही. मला हे अर्धंच येतं. करून बघायचं का?"

भागाबाईचे डोळे चमकले. न दुखणाऱ्या जागेचं दुखणं, आणि बोलणं हे त्याचं औषध? ही गोष्ट तिला फारच नवलाची वाटली. पण लगेच तिचा चेहरा उतरला. "मले बोलता येत नाही, नर्सबाई. लेकीले दिवस आहेत." आणि तिनं सासूचा नेम सांगितला.

दुसरी कुणी शिकलेली असती तर खुळचटपणा म्हणून मोकळी झाली असती. शारदाबाईंनी विचार केला. "पोटुशीच्या कानावर पडू नये, एवढंच ना? मग जिथं पोटुशी येणारच नाही तिथं बोलू. मागं औषधांची कोठडी आहे. मी विधवा, तुमचं वय सरलेलं. तिथं कुणाच्या पोटात उतरणार?"

भागाबाईनं हे दोन दिवस मनात घोळवलं. सासूच्या नेमात यावर काही बोट ठेवायला जागा सापडेना. मग दर बुधवारी वर्ग सुटला की दोघी कोठडीत बसायला लागल्या. हाताला चाळा म्हणून धुतलेल्या पट्ट्या गुंडाळायच्या, आणि भागाबाईनं सांगायचं. अट एकच: घाबरल्यासारखं झालं की थांबायचं, पाय जमिनीला टेकवायचे आणि समोर जे दिसतंय त्याचं नाव घ्यायचं. बाटली. खिडकी. नर्सबाई. म्हणजे मन त्या वैशाखातून या कोठडीत परत येतं.

पहिल्या बुधवारी ती चारच वाक्यं बोलली आणि घामानं भिजली. बाटली, खिडकी, नर्सबाई. दुसऱ्या बुधवारी आठ वाक्यं. बोलून आली की दोन दिवस तिला झोप लागायची नाही, उखर्डूवर खेकसायची. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिची मूळची खोड जागी झाली. भीतीचाच पाठलाग करायला लागली ती. "नर्सबाई, भीती पयले पोटात येते की हातात?" आणि स्वतःच बघून यायची, "पयले हातात. मंग कानात. पोटात सगळ्यात मागून." भीती मोजायला तिनं चिंचोके आणले. आज सहा चिंचोक्यांची आली होती, आज चार.

पण भीती येते कशानं? भागाबाईचं म्हणणं, रक्तानं. कोकिळा गेली ती रक्त थांबलं नाही म्हणून. तेव्हापासून ती लाल लुगडंही नेसत नव्हती. पण त्याच आठवड्यात घड कापताना उखर्डूच्या पोटरीत कोयता बसला, रक्ताची धार लागली, आणि भागाबाईनं फडकं फाडून असं गच्च बांधलं की हात तसूभर हलला नाही. बांधून झाल्यावर तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. म्हणजे रक्त नव्हे.

मग शारदाबाईंना वाटलं, वास. बाळंतिणीच्या खोलीत ओव्या-शेपाची धुरी असते, तो वास. त्यांनी कोठडीत निखाऱ्यावर ओवा टाकला आणि भागाबाईकडे बघत बसल्या. भागाबाईला दोन शिंका आल्या. "ओवा जुना आहे तुमचा," ती म्हणाली. म्हणजे वासही नव्हे.

एक गोष्ट मात्र शारदाबाईंच्या ध्यानात आली होती. भागाबाईची हकीकत आता पुष्कळ वाढली होती. खोली कशी होती, खिडकी चिंध्यांनी कशी बुजवलेली, कोकिळेच्या सासूनं गाडी जुंपून दवाखान्यात न्यायला दोनदा नकार कसा दिला, सगळं येत होतं. पण शेवटाला दर वेळी तेच: "मंग तिनं पाणी मागितलं. मंग मी मागच्या दारानं निघाली."

"मागितलं, आणि निघालात. मध्ये?"

"मधी काही नाही."

"मध्ये ती गेली, भागाबाई."

भागाबाईनं नवी पट्टी गुंडाळायला घेतली. पुढल्या बुधवारी पुन्हा तसंच. मुद्दाम लपवत नव्हती बिचारी. विणलेल्या कापडातून हातभर सूत कुणी काढून न्यावं तसा तो तुकडा तिच्यापाशी नव्हताच.

भादव्यातल्या एका दुपारी दोघी ओसरीवर बसल्या होत्या. आत एक बाई कळा देत होती, आणि ती कण्हत म्हणाली, "बाई, पाणी द्या व." साधंच बोलणं. पण भागाबाईच्या हातातली पट्टी गळून पडली, ओठ पांढरे झाले. शारदाबाईंनी तिला उठवून कोठडीत नेलं, पाय जमिनीला टेकवले. "दिसतंय त्याचं नाव घ्या." भागाबाई म्हणाली, "माठ."

कोठडीत माठ नव्हता.

"कुठला माठ?"

मग आलं ते सगळं. बाळंतिणीला गार पाणी द्यायचं नाही, अंगात वात भरतो, जीव जातो, हे पोरीसोरींनाही माहीत. मालूबाईच्या तर ते हाडात. कोकिळा सकाळपासून पाणी मागत होती आणि तिची सासू कोमट काढ्याचा चमचा दाखवत होती. दुपारी सासू बाहेर गेली. कोकिळेनं भागाबाईचं मनगट धरलं आणि म्हणाली, "माय, पाणी दे. तुह्या पाया पडते." माय म्हणाली. भागाबाईला राहवलं नाही. तिनं दार लोटलं, कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरला आणि पाजला. कोकिळेनं घटाघटा पिऊन अजून मागितला. दुसरा पाजला. मग कोकिळेनं मान टाकली.

"मी मारली तिले," भागाबाई म्हणाली. "मी पाणी पाजलं आन् ती गेली. नर्सबाई, मीच मारली." आणि ती रडली. बारा वर्षांचं रडणं, ते काही पाच मिनिटांत आवरणारं नव्हतं. शारदाबाई तिचे हात धरून बसून राहिल्या.

ती निवल्यावर शारदाबाईंनी विचारलं, "भागाबाई, तुम्ही कायम प्रश्न विचारता. एक मी विचारू? तिला एवढी तहान का लागली होती?"

भागाबाईनं वर बघितलं. हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

"अंगातलं रक्त गेलं की तहान लागते. आसामात जखमी शिपाई आणायचे, ते आईच्या आधी पाणी मागायचे. तहान लागली तेव्हाच ती जायला निघाली होती. पाण्यानं ती गेली नाही. ती जात होती म्हणून तिनं पाणी मागितलं."

बारा वर्षं भागाबाईनं शेपटाला तोंड समजून धरून ठेवलं होतं. "मंग मालूबाई म्हणायची ते?" तिनं विचारलं. शारदाबाई म्हणाल्या, "मालूबाईंनी शेकडो पोरं जगवली. हे एक त्यांना कुणी सांगितलं नव्हतं."

आता तुम्हाला वाटेल, उलगडा झाला, भागाबाई बरी झाली. तसं असतं तर काय हवं होतं. डोक्याला पटलं, हातांना पटायचं होतं. वॉर्डातली बाई पाणी मागायची आणि भागाबाईचे हात पुन्हा गार. शारदाबाईंनी तिला पायरी पायरीनं चढवलं. आधी बाळंत होऊन आठवडा झालेल्या बाईला पाणी द्यायचं. मग कालच झालेलीला. पाणी सांडायचं, चिंचोके वर जायचे आणि खाली यायचे. शेवटची पायरी म्हणजे कळा देणारीला. तिथपर्यंत पोचायच्या आधीच दसरा आला आणि शारदाबाईंना हुकूम आला.

गावभर तेव्हा तोच विषय होता. राज्यांची नवी वाटणी झाली होती, आणि एक नोव्हेंबरपासून नागपूर मुंबईकडे जाणार, बुऱ्हाणपूर भोपाळकडे. नकाशावर रेघ कुणी मारली ठाऊक नाही, पण नागपूरच्या माणसांनी महिनाअखेर नागपूर गाठायचं होतं. बदली नर्स यायला दोन महिने तरी लागणार होते.

"एक पायरी राहिली," भागाबाई स्टेशनावर म्हणाली.

"भीती येईलच," शारदाबाई म्हणाल्या. "ती आली म्हणून तुम्ही उठायलाच पाहिजे असं नाही. तिलाही बसू द्या एका बाजूला."

भाऊबिजेच्या सकाळी अलकाला कळा सुरू झाल्या. मदतीला शेजारची मथुराबाई होती. भागाबाईनं पातं उकळलं, हात धुतले, खिडकी उघडी ठेवली. उखर्डूला गाडी जुंपून दारात उभी करायला लावली. लागली तर लागली. दुपारपर्यंत सगळं ठीक. मग अलकानं घामेजलेलं तोंड इकडं वळवलं आणि म्हणाली, "आई, पाणी."

हात गेले. कान गेले. भागाबाईला दार दिसत होतं, चार पावलांवर.

मथुराबाई म्हणाली, "पाणी काहून? वात भरंल पोरीले. ओठ ओले कर नुसते."

भागाबाईनं पाय जमिनीला दाबले. "ही खिडकी," ती मोठ्यानं म्हणाली. "ही मथुराबाई. ही माही अलका." मथुराबाईला वाटलं, हिला वेड लागलं. अलकानं विचारलं, "आई, तुले भ्याव वाटतंय?"

"हो," भागाबाई म्हणाली. "लय वाटतंय. तू थांब, पाणी आणते."

चार पावलं ती दाराकडं नाही, माठाकडं गेली. तांब्या भरताना निम्मं पाणी सांडलं. उरलेलं तिनं दोन्ही हातांनी धरून लेकीच्या ओठाला लावलं. अलका प्यायली, आणि म्हणाली, "अजून."

भागाबाईनं अजून दिलं आणि लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. अलकानं ओठ पुसले, एक मोठी कळ दिली आणि मथुराबाईला शिवी हासडली. दिवेलागणीच्या आधी मुलगी झाली. चांगली रडकी, ठणठणीत. नाळ भागाबाईनं कापली.

त्यानंतर तिला खरं तर सुखानं निजायला हरकत नव्हती. पण पाणी पिणारं अलकाचं तोंड तिच्या डोळ्यापुढून हलेना. आपण लेकीला पाणी पिताना बघितलं. कोकिळेच्या आईनं काय बघितलं? ती इच्छापूरहून पोचली तेव्हा सरण विझलं होतं. सासरच्यांनी 'गेली' एवढंच सांगितलं, आणि सांगणारी एकटी सुईण, ती नेम पाळत बसली. सव्वा महिना झाला तशी भागाबाईनं उखर्डूला सांगितलं, मी इच्छापूरला जाते.

कोकिळेची आई धुरपदाबाई शेतात कापूस वेचत होती. केस पांढरे झालेले. ओळख पटल्यावर तिनं वेचणं थांबवलं. भागाबाईनं प्रस्तावना केली नाही. वावराच्या बांधावर उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, गाडीचा नकार सांगितला, माय म्हणून मनगट धरलं ते सांगितलं, दोन तांबे सांगितले. मधलं काही वगळलं नाही.

धुरपदाबाई आधी संतापली. "बारा वर्सं," ती म्हणाली. "बारा वर्सं मी दर चैतात देवीच्या पायऱ्यांपाशी पाण्याचे रांजण भरते. येणाऱ्या-जाणाऱ्याले पाजते. काहून, ठाऊक आहे? बाळंतिणीले पाणी देत नाहीत. माही पोर तहानेली गेली म्हणून. आन् तू दहा कोसावर बसून होती?"

"चुकलं माय," भागाबाई म्हणाली. "मले वाटे मीच मारली. भ्याली होती मी."

धुरपदाबाई सरीत खाली बसली. ओटीतला कापूस मातीत सांडला, तो तिनं उचलला नाही. मग तिनं विचारलं, "माठातलं होतं?"

"हो."

"गार होतं?"

"गार होतं माय. चांगलं गार."

धुरपदाबाईनं पदरानं डोळे टिपले. "तिले गारच लागायचं," ती म्हणाली. "लहानपणापासून."